बहीण जर्मनीत शिकायला गेलीय, 'सगळं बरंय' म्हणते पण बरं दिसत नाही. काय करावं?

मांजराकाठचा:
नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातला, औसा तालुका. माझी धाकटी बहीण सप्टेंबरच्या शेवटी जर्मनीला गेली मास्टर्स करायला, एनर्जी इंजिनीअरिंग, कोर्स इंग्लिशमधूनच आहे. शहर एकदम छोटं आहे, नाव टाकत नाही. दहावी-बारावी लातुरात झाली, क्लासेस, हॉस्टेल, मेस सगळं पचवलेली पोरगी, इंजिनीअरिंगला पुण्यात राहिली, म्हणजे घराबाहेर राहायची सवय नाही असं बिलकूल नाही. म्हणून आम्हाला वाटलं हिला काय होतंय.

सुरुवातीला रोज फोटो यायचे. ट्रेनचे, पिवळ्या पानांचे, लायब्ररीचे. आई गल्लीभर दाखवत फिरायची. दिवाळीनंतर हळूहळू बंदच झालं. आता फोन लावला की "सगळं बरंय दादा, असाइनमेंट आहे, नंतर बोलू". व्हिडिओ लावला तर कॅमेरा छताकडं. आईला मात्र सांगते की पोट बिघडायलंय, ॲसिडिटी होतीय, डोकं धरतंय, रात्री झोप लागंना. डॉक्टरला दाखव म्हणलं तर "इथं असं उठसूट डॉक्टरकडं जात नसतात" म्हणते.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळे शेतात होतो. आमच्याकडं येळवस म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी, माहिती असंल तुम्हाला. कडब्याची कोप केलेली, पूजा झाली, भज्जी-अंबील, उंडे, पाहुणेरावळे, गावातली चार घरं जेवायला. मी हौसेनं तिला व्हिडिओ लावला न् फोन हातोहात फिरला. मावशी म्हणायली गोरी झालीस का गं, मामा विचारायले नोकरी लागली का, पगार किती, चुलते म्हणले आता जमीन सोडवून घे लवकर. ती दोन मिनिटं हसली न् "नेटवर्क जायलंय" म्हणून कट. पहाटे तीनला मेसेज आला, "पुढच्या वेळेस सगळ्यांसमोर फोन नको लावूस".

जमिनीचं सांगतो, लोन काढलंय तारण ठेवून, ते तिला माहिती आहे. यंदा सोयाबीनचं काय झालं तेही तिला माहिती आहे.

वडलांचं म्हणणं थंडीमुळं होतंय, उन्हाळ्यात नीट होईल. चुलते म्हणायलेत बोलवून घ्या माघारी. मला दोन्ही पटंना. ह्याच्यातून गेलेल्यांनी सांगा, हे सगळ्यांनाच होतं का, किती दिवस वाट बघायची, फोनवर काय बोलायचं न् काय नाही. तिकडं जाणं आमच्या आवाक्यात नाही.


खाऊनपिऊन_सुखी:
होतं भाऊ सगळ्यांना. आम्ही आखातात बारा बारा जण एका खोलीत राहिलो, कुणी डिप्रेशन विचारलं नाही. सहा महिन्यात सवय पडते. जास्त लाड करू नका, फोन कमी करा, आपोआप लाईनवर येईल.


ऱ्हाईनवरचा_नांदेडकर:
दादा, मी नांदेडचा, इथंच जर्मनीत मास्टर्स केलं, आता नोकरी करायलोय. तुमच्या पोस्टमधलं ते कॅमेरा छताकडं वाचलं न् चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो.

थंडीचं काय एवढं नाही, जॅकेट घातलं की झालं, घरं आतून गरम असतात. मार बसतो तो अंधाराचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागं घेतात आणि डिसेंबरात तर सकाळी आठनंतर उजाडतं, दुपारी चारच्या आसपास दिवस मावळतो, मधल्या वेळेत पण बऱ्याचदा ढगच. लायब्ररीत शिरताना अंधार, निघताना अंधार. आपण मराठवाड्यातली माणसं, ऊन नको नको म्हणत मोठे झालेलो, ऊन मिळंना म्हणून माणूस खचतो हे कुणी सांगितलं तर हसलो असतो. त्यात रविवारी दुकानं बंद, छोट्या गावात रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि घरी साडेचार तास पुढं, म्हणजे तिचं कॉलेज संपून ती खोलीवर येते, जेवते, तोवर तुमच्याकडं सगळे झोपलेले. तिला बोलावंसं वाटतं तेव्हा बोलायला कुणीच जागं नसतं हे ध्यानात घ्या.

२०२३-२४ च्या हिवाळी सेमिस्टरला इथं ४९ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, परदेशातून आलेल्यांत आपलाच नंबर पहिला. तरी छोट्या गावात मराठी बोलायला माणूस सापडत नाही ही गोष्ट खरी.

पण माझं विचाराल तर अंधार, जेवण हे सगळं वरवरचं. लातुरात शिकलेल्या पोराला खरा दणका अभ्यासात बसतो. तिथं रोज टेस्ट, भिंतीवर रँक, सर खवळायचे, पण कुणीतरी आपल्याकडं बघत होतं. इथं बऱ्याच लेक्चरला हजेरीच नसते. आलात काय, नाही आलात काय, प्रोफेसरला तुमचं नाव सुद्धा माहिती नसतं. अख्ख्या सेमिस्टरचा हिशोब शेवटच्या एका परीक्षेवर, फेब्रुवारी-मार्चमधी. मार्क पण उलटे, १.० म्हणजे सगळ्यात भारी, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. बऱ्याच ठिकाणी एका विषयाला तीनच चान्स असतात, तिसऱ्यांदा गेलं की कोर्समधून बाहेर. आणि सेमिनारमधी विचारतात ह्या रिसर्च पेपरमधली कमजोरी सांगा, तुम्हाला काय पटलं नाही ते सांगा. आपल्याला बारावीपर्यंत काय पटलं नाही हे कुणी विचारलेलंच नसतं, अपेक्षित उत्तर काय एवढंच शिकलेलो. समोर इटलीची, इराणची पोरं धडाधडा बोलतात, चुकीचं का असेना बोलतात. जी पोरगी कायम पहिल्या पाचात, ती इथं तोंड शिवून बसते. हे ती घरी कशी सांगणार? घरी पेढे वाटून झालेत.

पैशाचं पण सांगतो म्हणजे तो नोकरीचा प्रश्न का लागला ते कळंल. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला ठेवावे लागतात आणि महिन्याला ९९२ सुटतात. खोलीभाडं, मग इन्शुरन्सचे दीडशेच्या आसपास, उरलं त्यात भागतं, उपाशी राहत नाही कुणी. पण डोक्यात गुणाकार बंद होत नाही. कॉफी तीन युरो म्हणजे तीनशे रुपये म्हणजे घरी खुरपणीला आलेल्या बाईची दिवसाची हजेरी. मग कॉफीला चला म्हणलं की ही नाही म्हणते, एकदा नाही, दोनदा नाही, मग लोक बोलवणंच बंद करतात. काम करायला परवानगी आहे, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, पण जर्मन येत नसंल तर छोट्या गावात मिळतं काय, तर गोडाऊन नाहीतर भांडी. ते सुद्धा हिवाळ्यात लगेच मिळंल असं नाही. नोकरी लागली का हे चारचौघात विचारलं की आत काय होतं ते मला विचारा.

आता करायचं काय. प्रत्येक विद्यापीठाच्या गावात श्टुडिरेंडेनवेर्क असतं, जे हॉस्टेल न् मेस चालवतं तेच. त्यांच्याकडं मानसिक समुपदेशन असतं, बहुतेक ठिकाणी फुकट नाहीतर नावापुरती फी, इंग्लिशमधी बोलणारे मिळतात, आणि तिथं बोललेलं प्रोफेसरला किंवा व्हिसावाल्यांना कळवत नसतात. हे शेवटचं वाक्य तिला नक्की सांगा, आपल्या पोरांना हीच भीती असते की रेकॉर्डवर येईल न् परत पाठवतील. दुसरं, उठसूट डॉक्टरकडं जात नसतात हे सर्दीपुरतं खरंय, सर्दीला इथं चहा पिऊन झोपा म्हणतात. पण कित्येक आठवडे झोप नाही, पोट बिघडलेलं, ह्याला फॅमिली डॉक्टरकडं जायलाच पाहिजे, इन्शुरन्सचे पैसे ती दर महिन्याला भरतीये. रात्रीअपरात्री लई वाईट वाटलं तर टेलिफोनझेलझॉर्ग म्हणून हेल्पलाईन आहे, ०८०० १११ ० १११, चोवीस तास, फुकट, मुख्यतः जर्मन बोलतात पण लावून बघायला हरकत नाही. जिवावरचं काही असंल तर ११२.


जुनं_खोड:
पोरीच्या जातीला एवढ्या लांब पाठवायचंच कशाला म्हणतो मी. पुण्यात काय कमी होतं. आता भोगा.


बीडची_लंडनात:
काका, त्यांनी विचारलंय काय न् तुम्ही सांगायलात काय. पोरांना हे होत नाही का? माझ्या वर्गातला सोलापूरचा मुलगा तीन आठवडे खोलीबाहेर आला नव्हता, तेव्हा कुणी म्हणलं नाही मुलाच्या जातीला कशाला पाठवलं.

दादा, मी बीड जिल्ह्यातली, आईवडील ऊसतोडीला जायचे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इकडं आले. मला लोन नव्हतं, जमीनच नाही तर तारण काय ठेवणार, पण अख्ख्या वस्तीचं लक्ष माझ्यावर. आमच्यातून पहिली पोरगी विमानात बसली म्हणून बॅनर लागला होता चौकात. बॅनरवरच्या माणसाला रडता येत नाही. इथं मास्टर्स एकाच वर्षाचं, कुठं काय ते कळायला लागतं तोवर थिसिस डोक्यावर.

वरच्या नांदेडकर दादांचं सगळं पटलं, एक गोष्ट मात्र जोडते. लोक पटकन सल्ला देतात की आपल्या माणसांत राहा. मी पहिल्यांदा भारतीय मुलींसोबतच फ्लॅट घेतला होता. दुसऱ्या दिवशी आडनाव, मग गाव कुठलं, मग "स्कॉलरशिप कुठल्या कोट्यातून?" आणि त्यानंतर माझं भांडं वेगळं पडायला लागलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. गोरे लोक वाईट वागतील म्हणून मनाची तयारी करून आले होते, स्वयंपाकघरात हे होईल असं वाटलं नव्हतं. पुढं एका नायजेरियन आणि एका कोलंबियन मुलीसोबत राहायला गेले, तिघींचा तिखटाचा अंदाज जमला. तेव्हा बहिणीला असं विचारा की जवळचं कोण आहे, भारतीय कोण आहे असं नका विचारू.

मदतीचं म्हणाल तर इथं व्हिसासोबतच वर्षाला ७७६ पाउंड आरोग्याचा सरचार्ज भरून घेतात, म्हणजे दवाखान्याचे पैसे दिलेलेच असतात, तरी आपली पोरं जायला कचरतात. मी युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलरकडं गेले. पहिल्या वेळेस काय बोलायचं तेच कळेना, अर्धा वेळ टिश्यूचा डबा बघत बसले. तिनं विचारलं जेवतेस काय, झोपतेस कधी, आठवड्यात कुणाशी समोरासमोर बोललीस. बस, तिथून सुरू झालं. रात्री विद्यार्थीच फोन उचलतात अशी नाईटलाईन पण असते बऱ्याच विद्यापीठांत, तिथं सल्ला देत नाहीत, नुसतं ऐकतात. मला त्याचाच जास्त उपयोग झाला.

आणि सेमिस्टर सोडावं लागलं किंवा लांबलं तरी आभाळ कोसळत नाही. बाबासाहेबांना १९१७ ला बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं होतं, १९२० ला परत आले आणि पुरा केला. किंग हेन्रीज रोडवरचं त्यांचं घर आपल्या सरकारनं २०१५ ला घेतलंय, मी गेले होते बघायला, बाहेर कुणीतरी फोटो काढून दे म्हणून थांबलेलं, नागपूरचे निघाले, तासभर बोलत उभे होतो पावसात.


बँकेतला_एक:
लोनपुरतं सांगतो. साडेसात लाखांच्या वरच्या एज्युकेशन लोनला साधारण तारण घेतातच, त्यात वेगळं काही नाही. हप्ता बऱ्याच बँकांत कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो, मधल्या काळात व्याज लागतं ते साधं. कोर्स लांबला तर आधीच ब्रँचला लेखी अर्ज द्या, विद्यापीठाचं पत्र जोडा, मुदत वाढवून मिळू शकते. न सांगता लांबवलं तर मात्र कटकट. एका सेमिस्टरनं जमीन जात नसते, हे तिला आकड्यांसहित सांगा. काहीच माहीत नसलं की पोरं सगळ्यात वाईट तेच धरून चालतात.


वर्गाबाहेरचे_सर:
मी संभाजीनगरात मानसशास्त्र शिकवतो. सुखीभाऊंनी जे सहा महिन्यात सवय पडते म्हटलं ते अगदी हवेतलं नाही, त्यामागं जुनं संशोधन आहे, पण ते पुढं गेलंय म्हणून लिहितो.

कल्चर शॉक, म्हणजे परक्या देशात गेल्यावर बसणारा धक्का, हा विषय मांडला तो कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं, १९६० चा त्याचा लेख सगळे सांगतात. त्याच्याही आधी १९५५ ला लिसगार्ड यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या नॉर्वेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवाल्यांना विचारलं होतं. त्यात निघालं की सहा महिन्यांच्या आत परतलेले ठीक, दीड वर्षाच्या वर राहिलेलेही ठीक, मधलेच त्रासात. त्यावरून ते आधी आनंद, मग खड्डा, मग वर असं चित्र पुस्तकात बसलं आणि आम्हीही वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलो. पुढं १९९८ साली कोलिन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोचल्यापासून ठरावीक काळानं परत परत विचारलं, तर त्रास सगळ्यात जास्त पोचल्या पोचल्याच होता. म्हणजे खड्डा अमुक महिन्यात येतो आणि तमुक महिन्यात आपोआप भरतो असं वेळापत्रक नाही. वाट बघत बसू नका.

वॉर्डबाईंचीच आणखी एक मांडणी तुमच्या कामाची आहे. बाहेरचं जमणं आणि आतून बरं असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी धरायच्या. ट्रेन पकडते, दुकानात बोलते, असाइनमेंट वेळेवर देते, हे सगळं जमत असतानाही माणूस आतून पार रिकामा झालेला असू शकतो. उलटंही असतं, भाषेची बोंब आहे पण गडी मजेत आहे. तुम्ही फोटो बघून पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधत होता.

पोट, डोकं, झोप ह्या तक्रारी खऱ्या धरा. आपल्याकडं मन खराब आहे असं घरात म्हणता येत नाही, पोट बिघडलंय म्हणता येतं, आईला ते लगेच कळतं. उदासी, झोप-भूक बिघडणं, काहीच करावंसं न वाटणं हे दोन आठवड्यांवर रोज चाललं असेल तर तज्ज्ञाला दाखवायला हवं. आणि एक प्रश्न तिला एकटीला, शांतपणे, सरळ विचारा. "जगू नये असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसतो हा गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते. ती हो म्हणाली तर ओरडू नका, रडू नका, फोन ठेवू नका, तिच्याजवळ त्या क्षणी कोण जाऊ शकतं ते बघा आणि वर दिलेले नंबर वापरा. तुम्हाला स्वतःला सुचेनासं झालं तर टेलीमानस १४४१६, २०२२ पासून सरकारची सेवा आहे, मराठीत बोलतात.


बेगमपुऱ्यातला:
मी उलट्या बाजूनं सांगतो. आमच्या इथं संभाजीनगरच्या विद्यापीठात कित्येक वर्षांपासून येमेन, इराक, सुदानची पोरं येतात. आमच्या वरच्या खोलीत एक येमेनी पोरगा होता, पीएचडीवाला. तेव्हा परदेशी माणूस ठेवला की चोवीस तासांत ऑनलाईन फॉर्म सी भरावा लागायचा, तो मी भरला, पोलिस येऊन गेले, गल्लीतल्या लोकांनी दहा प्रश्न विचारले, ते सगळं त्यानं जिन्यावरून ऐकलं. तिकडं त्याच्या देशात लढाई, घरून पैसे कधी येतील त्याचा नेम नाही. एप्रिल-मेचं आपलं ऊन, खोलीवर पत्रे. त्यानं दार लावून घेतलं ते घेतलंच. आईनं धपाटे पाठवले, मी चहाला बोलवलं, "थँक्यू, थँक्यू" म्हणून हसायचा न् परत आत. सगळे त्याला विचारायचे, काही पाहिजे का, काही पाहिजे का. त्याला त्याचाच वैताग आला होता हे त्यानं मागाहून सांगितलं.

फरक कशानं पडला तर आईच्या मोतीबिंदूनं. ऑपरेशननंतर ठरावीक वेळेला डोळ्यात ड्रॉप टाकायचे, दुपारी घरात कुणी नाही, बायको शाळेत, मी दुकानात. आई सरळ जिन्यात उभी राहून हाक मारायली, "ए बाबा, एवढं ड्रॉप टाक रे". तो आला. हात धुवून, मोबाईलवर अलार्म लावून, पापणी बोटानं धरून एकच थेंब, आई म्हणायची तुझ्यापेक्षा तो बरा टाकतो. मग रोजचंच झालं, ड्रॉप झाले की बसायचा, आई तिचं बोलायची, तो त्याचं बोलायचा, कुणाला काय कळायचं देवाला ठाऊक. ड्रॉप बंद झाले तरी दुपारचा यायचाच. पुढं गल्लीतल्या पोरांना फुटबॉल शिकवायला लागला मैदानावर.

तुम्ही बहिणीला काही पाहिजे का विचारणं थोडं थांबवा. तिच्याकडून काहीतरी घ्या. खरं काम पायजे मात्र, नाटक नको, लगेच कळतं.


परभणी_फास्ट_पॅसेंजर:
बेगमपुऱ्यातल्या भाऊंच्या आईला नमस्कार सांगा. बाकी दादा, येसर न् काळा मसाला पाठवून द्या पार्सलनं, गोळ्या-औषधं घालू नका, कस्टमला अडकतं. मसाल्यानं डिप्रेशन जात नाही हे माहितीये, तरी पाठवा.


मांजराकाठचा:
सगळ्यांचे आभार, सुखीभाऊंचे पण. मधी काही दिवस लिहायला जमलं नाही.

सगळ्यांसमोरचा फोन बंद केला. आई रुसली होती, तिला सरांची पोटाची गोष्ट वाचून दाखवली, गप झाली. माझ्या पोराचं सातवीचं गणित आहे, मला ते येत नाही न् क्लासवाले घाई करायलेत, खरंच अडलंय, म्हणून तिला म्हणलं रविवारी अर्धा तास घे. पहिल्या रविवारी कॅमेरा वहीवर होता, दुसऱ्या रविवारी पोरगं म्हणलं "आत्या तू दिसंनास", तेव्हा समोर आली. वाळलीय. डोळ्याखाली काळं झालंय.

मग आमचं दोघांचंच बोलणं झालं. लोनचा कागद समोर धरून सगळा हिशोब सांगितला, हप्ता कधी, किती, लांबलं तर काय. सोयाबीनचं पण खरं खरं सांगितलं, लपवलं नाही. सरांनी सांगितलेला प्रश्न विचारायला मला लई जड गेलं. ती म्हणली मरायचं वगैरे नाही दादा, पण सकाळी उठावंसं वाटंना, डिसेंबरपासून लेक्चरला गेलेच नाही, मेल आले की उघडत नाही, फेब्रुवारीत चार परीक्षा आहेत न् एकीचं पण धड वाचलेलं नाही. खोलीत भात न् लोणचं, दिवसातनं एकदा. रात्रभर जागी.

काउन्सेलरला मेल करायला तयार झालीय. मेल मी मराठीत सांगितला, तिनं इंग्लिशमधी लिहिला, फोन चालू ठेवूनच पाठवला. आता दोन गोष्टी विचारायच्या होत्या. तिचा इन्शुरन्स सरकारी का काय म्हणतात तो आहे, त्यात हे मनाच्या डॉक्टरचं बसतं का? आणि ह्या चार परीक्षांचं काय करायचं, नाही बसली तर तीनातला एक चान्स जातो का?


ऱ्हाईनवरचा_नांदेडकर:
भारी काम केलंत दादा. इन्शुरन्स सरकारी असंल तर सायकोथेरपी त्यात बसते, वेगळे पैसे नाहीत. फक्त थेरपिस्टचा नंबर लागायला महिने जातात, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे ती हिरमुसणार नाही. ११६११७ हा डॉक्टरांची वेळ मिळवून देणारा नंबर आहे, तिथं फोन करून थेरपिस्टच्या पहिल्या भेटीची वेळ मागता येते, जर्मन येणारं कुणीतरी सोबत बसलं तर सोपं जातं. तोवर श्टुडिरेंडेनवेर्कवाल्यांकडं जाऊ द्या, ते लवकर भेटतात. फॅमिली डॉक्टरकडं पण ह्याच आठवड्यात, झोपेचं न् जेवणाचं जसं तुम्हाला सांगितलं तसंच्या तसं सांगायचं, नुसती ॲसिडिटी म्हणून गोळी घेऊन यायचं नाही.

परीक्षांचं प्रत्येक विद्यापीठात वेगळं असतं, कोर्सच्या परीक्षा-नियमावलीत लिहिलेलं असतं. साधारण असं की नाव नोंदवलेली परीक्षा ठरावीक तारखेपर्यंत काढून घेता येते, मग चान्स मोजत नाहीत. ती तारीख गेली न् न सांगता गैरहजर राहिली तर बऱ्याच ठिकाणी सरळ ५.० धरतात. आजारी असंल तर डॉक्टरचा दाखला वेळेत द्यावा लागतो. म्हणून ते न उघडलेले मेल उघडणं सगळ्यात आधी, तारीख त्यातच असंल. एकटीला होत नसंल तर तुमच्यासमोर स्क्रीन शेअर करून उघडू द्या. चारपैकी जो विषय तिला बरा वाटतो तो एकच ठेवायचा, बाकीचे काढायचे, पुढच्या सेमिस्टरला देता येतात. पूर्ण सेमिस्टरची सुट्टी पण मिळते आजारपणात, पण ते करायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, व्हिसाचं त्यांना नीट माहिती असतं. कोर्सचं नाव मला मेसेजमधी टाका, नियमावली जर्मनमधी असंल तर मी वाचून सांगतो. आज रात्री मोकळाच आहे.